ओबो, सनई आणि प्रभूची फुंकर

पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण
शुभवर्तमान : योहान 20:19-23



आज पेंटेकॉस्ट. दरवर्षी या दिवशी आम्ही अग्नीच्या जिभांविषयी आणि सोसाट्याच्या वाऱ्याविषयी बोलतो. प्रेषितांच्या कृत्यांतले ते वर्णन ऐकायला भारदस्त वाटते. पण आजच्याच मिस्सातील संत योहानाच्या शुभवर्तमानात वारा नाही आणि आगही नाही. तिथे बंद दाराआड भेदरून बसलेली काही माणसे आहेत. प्रभू त्यांच्यामध्ये उभा राहतो आणि त्यांच्यावर फुंकर घालतो. खेळताना गुडघा फुटलेल्या लेकरावर आई घालते तशी फुंकर. आणि लगेच पापक्षमेची गोष्ट काढतो. फुंकर आणि क्षमा यांचा एकमेकींशी काय संबंध, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ दिवस पडत होता. त्याचे उत्तर शोधताना या वर्षी आम्ही एका वाद्यापाशी येऊन थांबलो. त्या वाद्याचे नाव ओबो.

नाव अनोळखी आहे, वाद्य तितकेसे अनोळखी नाही. हातभर लांबीची काळ्या लाकडाची नळी, तिच्यावर चांदीसारख्या चकचकीत कळा, आणि तोंडाशी बोरूच्या दोन पातळ पत्त्या एकमेकींना लावून दोऱ्याने बांधलेल्या. त्या दोन पत्त्यांच्या फटीतून फुंकले की त्या थरथरतात आणि स्वर निघतो. हे वर्णन ऐकून तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मनात एकच शब्द आला असेल : सनई. बरोबर आहे. सनईलाही अशीच जोडपत्ती असते. फारसीतल्या 'सुर्नाय'पासून आपली सनई आली, आणि त्याच घराण्यातले वाद्य मध्ययुगात अरबांकडून युरोपात गेले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबारातील वादकांनी व कारागिरांनी त्याला घासूनपुसून मवाळ केले. तोच ओबो. दोघांचे आजोळ एकच. एक दरबारात वाढला, दुसरी आपल्या मांडवाच्या दारात.

पाश्चात्त्य संगीतात एक आटोपशीर मैफल असते. रंगमंचावर एक पियानो आणि एकटा ओबोवादक. माइक नाही, दिव्यांची उघडझाप नाही, समोर फार तर शे-दोनशे माणसे. मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये पाश्चात्त्य वाद्यसंगीत नेहमी ऐकायला मिळते. तिथे 2006 साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा मोठा वाद्यवृंदही उभा राहिला. तरी ओबो वाजवणारे आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. शिरूरहून किंवा दौंडहून तिकीट काढून जा, असे आम्ही म्हणत नाही. घरातल्या मुलांना मोबाइलवर शोधून द्यायला सांगा, आणि पाच मिनिटे डोळे मिटून ऐका.

ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बासरी वाजवणाऱ्याला श्वास पुरत नाही, म्हणून तो घडोघडी श्वास घेतो. ओबोवाल्याची अडचण उलटी असते. त्या दोन पत्त्यांमधली फट इतकी अरुंद की छातीत भरलेली हवा बाहेर जातच नाही. स्वर चालू राहतो, पण आतली हवा वापरून शिळी होते. छाती भरलेली, आणि तरीही जीव गुदमरतो! म्हणून ओबो शिकणाऱ्या मुलाला प्रथम श्वास सोडायला शिकवतात. ओळीच्या मध्ये क्षणभर जागा मिळाली की आधी जुनी हवा बाहेर टाकायची, मग नवी घ्यायची. कधी कधी दोन्हीला वेळ नसतो. तेव्हा एका जागी नुसते सोडायचे आणि पुढच्या जागी घ्यायचे.

आम्ही पापनिवेदनाला बसतो तेव्हा समोर येणारी माणसे पुष्कळदा अशीच असतात. त्यांना काही कमी पडलेले नसते. उलट छाती भरलेली असते. बांधाचे भांडण, वाटणीत भावाने केलेली लबाडी, सुनेने पाच वर्षांपूर्वी चार लोकांत उच्चारलेला एक शब्द. सगळे आत भरून ठेवलेले. प्रार्थना चालू, मिस्सा चालू, बाहेरून स्वर लागलेला. आणि आतून जीव कासावीस. प्रभूने त्या बंद खोलीत आधी आपला श्वास दिला आणि त्याच दमात क्षमा करण्याचा अधिकार दिला, याचे आम्हाला आता नवल वाटत नाही. क्षमा म्हणजे शिळी हवा सोडणे. ती सोडल्याशिवाय पवित्र आत्मा घ्यायला आत जागा कुठे आहे?

श्वासाची गोष्ट निघाली की आपल्यापैकी अनेकांना 2021 चा एप्रिल-मे आठवतो. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्री-अपरात्री पुण्यापर्यंत केलेली धावाधाव, बोटाला लावलेले ते छोटे यंत्र, त्यावर उतरत जाणारा आकडा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, हे आम्ही शाळेपासून वाचत आलो आहोत. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी एकच शब्द आहे, हेही सेमिनरीत शिकलो. त्या दोन महिन्यांत मात्र ते वाचन पुस्तकातले राहिले नाही. ज्यांच्या घरचा श्वास तेव्हा थांबला त्यांच्यासमोर आम्ही आज फुंकरीवर लिहितो आहोत, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांना समजावण्यासाठी आमच्याजवळ युक्तिवाद नाही. त्यांच्यासाठी एका संगीतकाराची गोष्ट मात्र आहे.

फ्रान्सिस पुलँक हा फ्रेंच संगीतकार. जन्म 1899. कॅथोलिक घरात वाढला, तरुणपणी श्रद्धेपासून दूर गेला, पॅरिसच्या हौशी जगात रमला. 1936 साली त्याच्या ओळखीचा एक संगीतकार मोटार अपघातात भयंकर रीतीने गेला. त्याच सुमारास पुलँक रोकामादूर या डोंगरकड्यावरच्या तीर्थस्थानी गेला. तिथे पवित्र मरियेची काळ्या लाकडाची साधीसुधी मूर्ती आहे. तिच्यापुढून तो परतला तो श्रद्धा घेऊनच, आणि लगेच त्याने त्या काळ्या मातेच्या लितानीला संगीत दिले. पुढे त्याने पुष्कळ धार्मिक संगीत रचले. 1962 मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्याने ओबो आणि पियानोसाठी एक सोनाटा लिहिला. अशा रचनेचा शेवट सहसा द्रुत लयीत आणि आनंदात होतो. पुलँकने उलटे केले. आधी संथ, मध्ये चपळ, आणि शेवटी पुन्हा संथ. त्या शेवटच्या भागाला त्याने नाव दिले 'विलाप'. 30 जानेवारी 1963 ला तो अचानक वारला. सोनाटा लोकांसमोर वाजला तो त्याच वर्षी जूनमध्ये, तो गेल्यानंतर.

त्या विलापात ओबो एकदा अगदी उंच, बारीक स्वरात बोलतो आणि एकदा खाली खोल जातो. त्यात सांत्वनाची घाई नाही. अंत्यविधीनंतर दुःखी घरी जाऊन आम्ही पुरोहितमंडळी कधी कधी फार लवकर पुनरुत्थानाविषयी बोलू लागतो. पुनरुत्थान खरेच आहे. पण लाजराच्या कबरीपाशी प्रभू आधी रडला.

याच जातीच्या दुसऱ्या एका रचनेत श्वासाचा प्रश्न निराळ्या तऱ्हेने येतो. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराने 1849 च्या डिसेंबरात ओबो आणि पियानोसाठी तीन छोट्या रचना केल्या आणि पत्नी क्लारा हिला नाताळची भेट म्हणून दिल्या. क्लारा स्वतः मोठी पियानोवादक होती. संगीत गोड आहे, पण ओबोवाल्याची त्यात परीक्षा असते. ओळीमागून ओळ, श्वास सोडायला आणि घ्यायला जागाच ठेवलेली नाही. मग वाजवणारे काय करतात? पियानोवर बसलेला सोबती ते ओळखतो. ओळीच्या टोकाला तो किंचित रेंगाळतो, अर्धा क्षण, ऐकणाऱ्याला कळूही न देता. तेवढ्यात दुसऱ्याचा श्वास होऊन जातो. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व काही करणाऱ्या सुना आपल्या धर्मग्रामात आहेत. मतिमंद मुलाला वीस-वीस वर्षे सांभाळणारे आईबाप आहेत. त्यांच्या ओळीत श्वासाला जागा लिहिलेलीच नाही. शेजारच्या घराने आठवड्यातून एक दुपार तिथे जाऊन बसावे, म्हणजे त्या बाईला बाजार करून येता येईल, किंवा नुसते झोपता येईल. रेंगाळणे म्हणतात ते हे.

आता पांढरी सहाची गोष्ट. आपल्या पेटीवाल्यांना हा शब्द माहीत आहे. मोठ्या वाद्यवृंदात कार्यक्रमाआधी सगळी वाद्ये जुळवायची असतात. त्या वेळी ओबोवाला एक स्वर धरतो, पांढरी सहाचा, आणि व्हायोलिनपासून तुताऱ्यांपर्यंत साठ-सत्तर वाद्ये त्याच्याशी आपला स्वर मिळवतात. सगळ्यांचा स्वर ओबोवरून ठरतो. परंतु तोच ओबोवाला पियानोबरोबर वाजवायला उभा राहतो तेव्हा पियानोवाला पांढरी सहाची पट्टी दाबतो आणि ओबोवाला आपला स्वर त्याच्याशी मिळवतो. असे का? मोठेपण कमी झाले म्हणून? तसे नाही. पियानोच्या आत दोनशेच्या वर तारा ताणून बसवलेल्या असतात. त्या आयत्या वेळी हलवता येत नाहीत. ओबोला ओठाच्या दाबाने, पत्ती थोडी आत-बाहेर करून स्वर हलवता येतो. ज्याला हलता येते त्याने हलायचे, इतका साधा हिशोब.

हा हिशोब आम्हाला आमच्या भागात वारंवार आठवतो. दौंडहून मनमाडकडे रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली. त्या जंक्शनाच्या आधाराने गोव्याची, तमिळ आणि अँग्लो-इंडियन कॅथोलिक कुटुंबे तिथे राहिली. घोड नदीकाठच्या शिरूरकडची मूळ मंडळी मराठी. आणि आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे झारखंड, ओडिशा, केरळकडची तरुण मुले रविवारी मिस्साला मागच्या बाकावर येऊन बसतात. मिस्सा कोणत्या भाषेत, गीते कोणाची, नोव्हेना कोणत्या पुस्तकातून, यावरून दरवर्षी कुरबुर होते. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, हे वाचून झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तीच कुरबुर पुन्हा सुरू होते! अशा वेळी कोणाचे लोक जास्त आणि चर्च बांधायला कोणी किती दिले, हे मोजू नये असे आमचे मत आहे. कोणाला हलता येते, ते पाहावे. दोन-तीन भाषा येणाऱ्या शिकलेल्या माणसाला मराठी गीत म्हणता येते. आयुष्यभर एकाच भाषेत जपमाळ म्हटलेल्या आजीला ऐंशीव्या वर्षी हलता येत नाही. झारखंडच्या त्या पोराला मराठी यायला दोन वर्षे लागतील. हलता येणाऱ्याने हलावे. प्रभूपाशी देवाचे वैभव होते, आणि तो ते सोडून दासाच्या रूपात आला, असे संत पौल फिलिप्पैकरांना सांगतो. सर्वांना स्वर देणाऱ्याने आपल्याशी स्वर मिळवला.

इथपर्यंत बोलणे सोपे होते. आता ज्याच्यासाठी हे सर्व लिहायला घेतले त्या विषयाकडे येतो.

या वर्षीच्या सणाला प्रवेश-मिरवणुकीत सनई असावी, अशी सूचना पॅरिश कौन्सिलपुढे आली आहे. तिला विरोधही आला आहे. काहींचे म्हणणे, सनई हे देवळातले वाद्य, ते चर्चमध्ये कशाला? या आक्षेपाला उत्तर देता येते. वाद्याला बाप्तिस्मा लागत नाही. पोप संत पायस दहावे यांनी 1903 साली चर्चमध्ये पियानोला मनाई केली होती, ढोल-झांजांनाही. ज्या पियानोला आपण साहेबी, सोज्वळ वाद्य समजतो तो तेव्हा निषिद्ध ठरला, आणि आज आपल्या गायनवृंदातला कीबोर्ड वाजतो तो बहुधा त्याच पियानोच्या आवाजात. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखला, आणि पवित्र कार्याला शोभतील अशी इतर वाद्ये स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वापरायची मोकळीक दिली. उस्ताद बिस्मिल्ला खाँ मुसलमान होते आणि काशीला विश्वनाथाच्या दारी सनई वाजवत होते. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव सनईने सुरू होण्याची प्रथा आहे. तेव्हा सनई कोणा एकाची नाही.

दुसरा आक्षेप असा सहज बाजूला सारता येत नाही. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांनी तो खासगीत सांगितला. गावगाड्यात देवळातली सनई गुरवांकडे असे, पण लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या सनई-हलगीचे काम बहुतेक ठिकाणी मातंग बांधवांच्या वाट्याला येई. नवरदेवाच्या पुढे वाजवत जायचे, देवळाच्या पायरीशी थांबायचे, आत जायचे नाही. पंगत उठल्यावर उरलेले घ्यायचे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या आज्या-पणज्यांनी बाप्तिस्म्याबरोबर ती सनईही खाली ठेवली. ते वाद्य पुन्हा दारात वाजू लागले तर अंगावर काटा येतो, असे ते म्हणतात. शिकलेल्या माणसाला सनईत लोकसंस्कृती ऐकू येते; त्यांना हाक ऐकू येते.

पत्तीच्या वाद्याची ही अवहेलना आपल्याकडेच होती असे नाही. ग्रीकांकडे औलोस नावाचे जोडनळीचे, पत्तीचे वाद्य होते. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून ते हद्दपार केले. ॲरिस्टॉटलने मुलांच्या शिक्षणातून वगळले. ते वाजवताना माणसाला बोलता येत नाही, हे त्याचे एक कारण. पण मेजवानीत ते हवे असे, आणि वाजवायला भाड्याने आणलेल्या किंवा गुलाम मुली असत. त्याच ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात लिहून ठेवले आहे की औलोसच्या शौकिनांच्या कानी तो पडला की त्यांचे चर्चेतले लक्ष उडते. (प्रवचन चालू असताना बाहेरून वरात गेली की काय होते, हे आम्हीही पाहतो.) म्हणजे ऐकायला सर्वांना हवे, वाजवणारा मात्र दाराबाहेर. तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ही पाने वाचली तेव्हा त्यात आपल्याच गावचा मांडव दिसला.

याईराच्या घरी मुलीच्या मृत्यूनंतर जमलेले वाजंत्री हेच वाद्य वाजवत होते. मत्तयाच्या नवव्या अध्यायात मूळ ग्रीक शब्द औलोसवरूनच आलेला आहे. आणि यशया संदेष्टा परमेश्वराच्या सेवकाविषयी सांगतो की चेपलेला बोरूदेखील तो मोडून टाकत नाही. मत्तय ते वचन येशूला लावतो. बोरू चेपला की त्याचा टाक होत नाही आणि वाद्याची पत्तीही होत नाही. लोक तो फेकतात. आणखी पुढे, शिपायांनी प्रभूच्या हातात राजदंड म्हणून थट्टेने एक बोरूच दिला आणि मग तोच हिसकावून त्याच्या डोक्यावर मारला. ज्या वस्तूने अपमान झाला ती वस्तू प्रभूच्या हाताला लागलेली आहे, एवढे आम्ही त्या वडीलधाऱ्यांना सांगू शकतो. त्यापुढे जाऊन 'म्हणून तुम्ही सनई स्वीकाराच' असे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. ज्याचा आजा पायरीशी थांबला, त्यानेच ते ठरवायचे.

'द मिशन' हा 1986 चा चित्रपट सेमिनरीतून गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात फादर गॅब्रिएल हा येशूसंघीय पुरोहित दक्षिण अमेरिकेच्या जंगलात, धबधब्याच्या वरच्या अंगाला एकटा बसून ओबो वाजवतो आणि ग्वारानी आदिवासी धनुष्यबाण घेऊन भोवती जमतात. एन्नियो मोरिकोने यांनी रचलेली ती धून जगभर गाजली. दृश्य सुंदर आहे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. ग्वारानींना संगीत फादरांनी प्रथम दिले असे वाटू लागते, आणि ते खरे नव्हे. गाणे त्यांच्याकडे होतेच. येशूसंघीयांच्या त्या वसाहतींत ग्वारानी स्वतः व्हायोलिन आणि सुषिर वाद्ये बनवत, वाजवत, उपासनेत गात. 1767 मध्ये स्पेनच्या राजाने येशूसंघीयांना हाकलून दिले. तरी शेजारच्या चिकितोस भागातील आदिवासींनी त्या संगीताच्या वह्या दोनशे वर्षे जपून ठेवल्या. त्या 1970 च्या दशकात बोलिव्हियात पुन्हा उजेडात आल्या. पुरोहित गेले, वह्या सांभाळल्या त्या वाजवणाऱ्यांनी.

म्हणून आमचे मत असे. सनईविषयीचा निर्णय बहुमताने होऊ नये. ज्या घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या होते त्या घरांनी आधी एकत्र बसावे. त्यांनी 'नको' म्हटले तर विषय तिथे संपला, आणि कोणी त्यांना मागासलेले म्हणू नये. त्यांनी 'हो' म्हटले तर सनईवाला मुख्य दारातून, वेदीसेवकांच्या मागोमाग आत येईल. बाहेर थांबणार नाही. गायनवृंदाच्या बाकावर त्याची जागा असेल. कीबोर्डवाल्याला जे मानधन दिले जाते तेच त्याला दिले जाईल, आणि सणाच्या पंगतीत तो पहिल्या पंगतीला बसेल. डीजेवाल्याला पंचवीस हजार मोजणारे आपण त्याच्याशी घासाघीस करणार नाही.

या घरांची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कॅटेकिझमच्या खोलीत होईल. कौन्सिलच्या सभासदांनी त्या वेळी कृपया तिकडे येऊ नये. आम्हीही जाणार नाही. चहाची व्यवस्था महिला मंडळाने केली आहे. कोणाच्या घरी आजोबांची जुनी सनई पेटाऱ्यात अजून असेल, तर ती आणायची की नाही हेही त्या घरानेच ठरवावे.